आमा-लेंची सुरी

माझ्या सासूची, म्हणजे आमा-लेंची, सुरी चांगथांगच्या सगळ्या पठारावर नावाजलेली होती. मेलेल्या करडाचं कातडं आमा-ले असं उतरवायच्या, की लेकराच्या अंगातलं झबलं काढावं. त्यांना त्याचा ताठाही होता. "गारठलेलं कातडं मांसाला चिकटून बसतं, कुन्झेस," असं त्या मला येताजाता ऐकवायच्या, "ते सोडवायला कसबी हात लागतो. तुझ्या माहेरची माणसं रडत बसतात, तोवर शेळी लेकराचा वास विसरून जाते."

माझ्या माहेराचा उद्धार केल्याशिवाय त्यांना चहा पचत नसे. पण वासाचं म्हणणं खरं होतं. आई मेलेल्या करडाला दुसरी शेळी जवळ करत नाही, लाथ घालते. म्हणून जिचं करडू मेलं तिच्या करडाचं कातडं ह्या पोरक्याला अंगरख्यासारखं चढवायचं आणि तिच्यापुढे उभं करायचं. ती हुंगते, फसते आणि पान्हा सोडते. एक गेलं तर निदान दुसरं जगतं. मात्र हे सगळं झटपट व्हावं लागतं.

त्या वर्षी शेळ्या विण्याच्या दिवसांतच वाऱ्याने उच्छाद मांडला. सकाळी पाहिलं, तर शेळ्या कोंडायच्या दगडी वाडग्यात एक शेळी विताविताच मरून पडलेली. तिचं करडू तेवढं जिवंत होतं. त्याला पोत्यात गुंडाळून मी तंबूत आणलं. ते भुकेने ओरडत होतं, तेवढ्यात माझा नवरा नोर्फेल दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात माझ्या एकशिंगीचं करडू होतं.

एकशिंगी म्हणजे मी लग्नात माहेराहून आणलेली शेळी. एवढ्या कळपात माझी म्हणावी अशी ती एकच, आणि हे तिचं पहिलं करडू. वाडग्याच्या भिंतीतल्या फटीतून बाहेर पडून ते बर्फात गेलं होतं. पाय काठीसारखे ताठ, पापण्यांवर हिमाचे कण, डोळे उघडे. मी त्याच्या तोंडात बोट घातलं. जीभ ओढ्याच्या दगडासारखी गार लागली.

"एकाला आई नाही, एकीला लेकरू नाही," आमा-ले म्हणाल्या. "बसला मेळ. सुरी आण."

"थोडं थांबू या ना, आमा-ले."

"थांबून काय होणार? ते उठून नाचणार आहे? आण सुरी! तिकडे ते जितं ओरडतंय ते ऐकू येत नाही का तुला?"

ऐकू येत होतं, म्हणून मी सुरी आणली. त्यांनी करडाचा मागचा पाय ओढून धरला आणि खुराच्या वर गोल काप घेतला. कापावर रक्ताचा एक काळपट थेंब आला. तो हळूहळू फुगला आणि ओघळला.

आणि करडाने पाय आखडून घेतला.

सुरी आमा-लेंच्या हातून खाली पडली. मी एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून साधी वाटी पडलेली पाहिली नव्हती. नोर्फेल म्हणाला, "असं होतं कधीकधी. मेलेल्याच्याही शिरा ओढतात," पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी करडाच्या छातीला कान लावला. काही नाही. मी श्वास रोखून धरला. तरी काही नाही. कान काढणार, तोच आत कुणीतरी दार ठोठावल्यासारखा एक ठोका पडला. पुन्हा सगळं शांत. मी आता संपलं म्हणेपर्यंत दुसरा ठोका पडला.

"जिवंत आहे!" मी किंचाळले. "आमा-ले, अहो जिवंत आहे हे!"

नोर्फेलने करडू हिसकावून घेतलं आणि तंबूतल्या पेटत्या बुखारीकडे धाव घेतली. तेव्हा कुठे आमा-लेंना कंठ फुटला. "शेकू नकोस रे मेल्या! पायांतलं गार रक्त एकदम काळजाकडे धावतं नि ते बंद पडतं. माझ्या बापाने असंच एक मारलं होतं. इकडे दे." त्यांनी मेंढीच्या कातड्याचा कोट उघडला, करडू आपल्या उघड्या पोटाशी धरलं आणि कोट मिटून घेतला. त्या गार स्पर्शाने त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आलेला मला दिसला, पण त्या हलल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने कोटाला बारीक हिसके बसू लागले. करडू थरथरत होतं. एवढा वेळ त्याच्या अंगात थंडी वाजण्याइतकंही बळ नव्हतं. आता ते कुडकुडू लागलं, म्हणजे परत आलं. त्याने कोटातून तोंड बाहेर काढून एक मरतुकडी हाक मारली. मी हसत होते, रडत होते. मी आमा-लेंकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

त्या सुरीकडे बघत होत्या.

"किती असतील गं?" त्या म्हणाल्या.

"काय किती?"

"मी सोललेली. त्यातली किती असतील?"

एरवी त्यांना टोमणा मारायची संधी मी सोडत नसे, पण तेव्हा मी नुसती सुरी उचलून पुसून ठेवली.

एकशिंगीने आपलं करडू चाटून घेतलं. जखमेला मी लोणी लावलं. पोरकं मात्र तसंच ओरडत राहिलं. एकशिंगीपाशी नेलं तर तिने त्याला लाथेने उडवलं. त्याचा आवाज बारीक होत चालला होता. एवढ्यात नोर्फेल वाडग्यातून आणखी एक गारठलेलं करडू घेऊन आला. काळ्या शेळीचं होतं. तसंच ताठ, तसेच उघडे डोळे.

आमा-लेंनी ते कोटात घेतलं.

दुपार कलली. पोरकं आता नुसतं तोंड उघडत होतं, आवाज निघत नव्हता. मी चिंधी दुधात भिजवून दिली, तर त्याला ती चोखवेना.

"आमा-ले, काळी विसरेल आता. आणि ह्या जित्याचं काय?"

"थांब."

"मरेल हो हे!"

"थांब म्हणते ना!" त्या ओरडल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. कायम सुरीची घाई करणाऱ्या माझ्या सासूने मला आयुष्यात पहिल्यांदा थांब म्हटलं होतं. मला वाटलं, हिच्या पश्चात्तापापायी एक जितं करडू जाणार. मला त्यांचा रागही आला.

शेवटी त्यांनी कोट उघडला. "हात लाव," म्हणाल्या. मी लावला. करडू पोटापासून खुरापर्यंत उबदार झालं होतं, पाय मऊ पडले होते. छातीला मी कान लावला, त्यांनी लावला, नोर्फेलने लावला. आत काहीच नव्हतं.

"ऊब आली, जीव नाही आला," आमा-ले म्हणाल्या. "आता हे मेलं."

त्यांनी सुरी माझ्यापुढे सरकवली. त्या दिवशी पहिल्यांदा मी कातडं उतरवलं आणि पोरक्याला चढवलं. नोर्फेलने त्याला काळीपुढे धरलं. तिने हुंगलं, पुन्हा हुंगलं, मग ती मान वळवून उभी राहिली. ते कासेला लागलं.

मी परत येऊन आमा-लेंच्या शेजारी बसले. "तुझा हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "कुठे अडलं नाही ना?"

अडलं नव्हतं. उबदार कातडं आपसूक सुटून येतं, त्याला कसबी हात लागत नाही. पण हे मी त्यांना सांगितलं नाही.