एकोणीस लेकरांची वस्ती

"आमच्या वस्तीत एकोनीस लेकरं हायेत, असं कोन लिवलं?"

वत्सलाबाई नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात आसारामच्या टेबलासमोर उभी होती. कर्नाटकातल्या कारखान्यावरून ऊसतोडीची टोळी परत येऊन चारच दिवस झाले होते. तिच्या हातांवर पाचटाचे ओरखडे अजून ओले होते. बाहेरच्या फळ्यावर यादी लागली होती. शहरात एकच बालोद्यान होणार, आणि ज्या भागात मुलं जास्त तिथं ते होणार. ऑफिसर कॉलनी, मुलं ब्याऐंशी. नाल्याकाठची वस्ती, मुलं एकोणीस.

"मी लिवलं," आसाराम म्हणाला.

"डोळे मिटून लिवलं का? माझ्या एकट्या गल्लीत तीसच्या वर हायेत."

"जानेवारीत नव्हते."

"कसे असतील? आमी कारखान्याला गेलतो. लेकरं काय घरात कोंडून वरून कुलूप लावावं?"

शेजारच्या टेबलावरचा प्रविण फिसकन हसला आणि लगेच फायलीत घुसला. आसारामला हसू आलं नाही.

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एकच काम केलं होतं, रकाने भरण्याचं. ते तो इतकं चोख करी की त्याच्या सेवापुस्तकात एकही लाल शेरा नव्हता. पाहुणे आले की तो हे एकदा तरी सांगायचाच, आणि बायको चहाचं निमित्त काढून उठायची. जानेवारीत तो वस्तीत गेला तेव्हा दारादाराला कुलपं होती. म्हाताऱ्यांजवळ ठेवलेली काही लेकरं तेवढी उन्हात बसली होती. रकाना होता 'सर्वेक्षणाच्या दिवशी हजर मुले'. त्यानं एकोणीस लिहिलं आणि सही ठोकली. प्रस्ताव दुसऱ्या दिवशी बीडला जायचा होता.

पुण्याहून बदलून आलेल्या माणसाला हे कळलं नसतं तर गोष्ट वेगळी. पण आसारामचे आईबाप कोयता घेऊन जायचे. पाचवीपर्यंत त्याचेही हिवाळे उसाच्या फडाजवळ पाचटानं शाकारलेल्या कोपीतच गेले होते. ती कुलपं कुणाची आणि आतली माणसं कुठं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. आता त्या बाईसमोर त्याला मनापासून लाज वाटली.

"सोमवारी सभा हाय," तो म्हणाला. "ठराव झाला की मग काय बी व्हत न्हाई."

"आज शुक्रवार हाय, भाऊसाहेब. उद्या या. च्या पाजते, पर मोजून जावा."

शनिवारी तो गेला. मोजणी सुरू होताच घोटाळा झाला, कारण एकदा मोजलेली पोरं मागच्या बोळातून पळत येऊन पुन्हा रांगेत उभी राहू लागली. शेवटी आसारामनं पिशवीतून शिक्क्याची शाई काढली. मोजलेल्या प्रत्येकाच्या अंगठ्याला निळा ठिपका. वत्सलाबाईची सात वर्षांची नात राजनंदिनी रांगेची मुकादम झाली आणि सगळ्यांचे अंगठे तपासू लागली. एका आईनं तान्हं पुढं केलं.

"ह्ये कुठं खेळनार, बाई? तीन वर्सांच्या वरची पायजेत."

"उद्यान व्हईस्तोवर व्हईल की तीन वर्सांचं," ती म्हणाली. नगरपरिषदेची चाल लोकांना पाठ होती.

तान्ही सोडून आकडा भरला एकशे त्रेचाळीस.

सोमवारी सकाळी मुख्याधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "आसारामराव, चार महिन्यांत एकोणिसाची एकशे त्रेचाळीस?"

"चूक माझी हाय, साहेब. हजर लेकरं मोजली, राहनारी न्हाई मोजली."

"लेखी द्याल?"

"वर जोडलंय."

साहेबांनी वाचलं. "मेअखेर रिटायर होताय तुम्ही. ही नोंद सेवापुस्तकात जाईल. कशाला करून घेताय?"

आसाराम काही धीट माणूस नव्हता. रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता, आणि पेन्शनचे कागद अडकतील ही भीती आताही गेली नव्हती. "जाऊ द्या," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

सभेत थोडी बाचाबाची झाली. पण एकशे त्रेचाळीस लेकरांना आईबाप असतात आणि आईबापांना मतं असतात, हे लवकरच सर्वांच्या ध्यानात आलं. उद्यान वस्तीला गेलं. आसारामच्या सेवापुस्तकात लाल शाईनं ताकीद उमटली. निरोपाच्या कार्यक्रमात विठ्ठलराव हेडक्लार्कनं 'निष्कलंक सेवा' हे भाषणातले दोन शब्द गाळले. आसारामला ते लागलं.

काम पावसाळ्यानंतर सुरू झालं. निधी मार्चच्या आत संपवायचा असल्यानं ठेकेदारानं घाई केली आणि डिसेंबरात उद्यान तयार झालं. उद्घाटनाला आसारामही गेला. मंडप होता, हार होते, फक्त लेकरं नव्हती. दसरा झाल्यावर वस्ती उसाला गेली होती. म्हाताऱ्यांजवळची थोडी पोरं कोपऱ्यात लाजून उभी राहिली. फोटोला ती पुरेनात, म्हणून ऑफिसर कॉलनीतली मुलं गाडीतून आणली. ती दोन-दोनदा घसरली आणि क्लासची वेळ झाली म्हणून परत गेली.

साहेबांचं लक्ष आसारामकडं गेलं. "तुमची मुलं कुठंयत, आसारामराव?" त्यांनी खरंच विचारलं होतं.

"उसात," आसाराम म्हणाला.

मंडपवाले सामान घेऊन गेल्यावर त्यानं वत्सलाबाईला व्हिडिओ कॉल लावला. ती फडातच होती. "थांबा भाऊसाहेब, मोळी टाकते," म्हणून तिनं फोन राजनंदिनीकडं दिला. क्षणात पडदा डोक्यांनी भरला. आसारामनं फोन सगळीकडं फिरवून दाखवला.

"आबा, घसरगुंडी कंच्या रंगाची हाय?"

"पिवळी."

"लई उंच हाय का?"

"तुज्या दोन पट आसंल."

"पैला नंबर माजा," राजनंदिनी म्हणाली. "कावून की अंगठे मी तपासलेते."

"दुसरा माजा."

"ए, सरक बे. दुसरा माजा हाय."

"भांडू नका," आसाराम म्हणाला. "एकेकानं नाव सांगा."

तो घसरगुंडीच्या पायरीवर बसला. फोन कठड्याला टेकवून ठेवला. उद्घाटनाची पत्रिका उलटी करून त्यानं मागच्या कोऱ्या बाजूला आकडे घातले आणि पोरं सांगतील तशी नावं लिहू लागला. राजनंदिनी. आदिनाथ. सटवा. रोहिणी. अठराव्या नावाला रेंज गेली. आसारामनं पुन्हा फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बाकीच्या टोळ्या दुसऱ्या कारखान्यांवर होत्या, त्यांचे नंबरही घ्यायचे होते. अजून बरीच लेकरं राहिली होती.