फुलाआधी ठेवलेलं नाव

बापाने लेकीच्या नावाने घर बांधलेलं, दुकान काढलेलं आपण पाहतो. चिमणीच्या बाबांचं सगळंच जगावेगळं. त्यांना जंगलात एक वेल सापडली, कुणाच्या पुस्तकात नसलेली. या गृहस्थांनी लेकीच्या खऱ्या नावाला लॅटिनचं शेपूट जोडलं आणि तेच वेलीचं शास्त्रीय नाव म्हणून छापून आणलं. उभ्या आयुष्यात त्यांनी नाव दिलेली ही एकच वनस्पती. तिचं रोप त्यांनी परसातल्या भिंतीशी लावलं होतं. पाहुणा आला रे आला, की पाणी द्यायच्या आधी त्याला तिथे न्यायचे आणि म्हणायचे, "ही बघा आमची धाकटी!" थोरली तेव्हा दाराआड लाजून चूर झालेली असायची.

वेल तशी साधीच होती. नाण्याएवढी गोल पानं, भिंतीला इस्त्री करून बसवल्यासारखी चपटी. गच्चीच्या कठड्यापर्यंत पोचली, की बाबा कात्री घेऊन वर जायचे आणि शेंडा छाटून यायचे. "मोकळी सोडली तर डोक्यावर मिरे वाटेल," असं म्हणायचे.

पुढे चिमणीही त्याच वाटेला लागली. बाबा जिथून निवृत्त झाले, त्याच वनस्पतिसंग्रहात तिला नोकरी मिळाली. लोखंडी कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि कागदांवर टाचलेली हजारो वाळकी झाडं. उष्ण प्रदेशातल्या वेलींची नावं तपासून दुरुस्त करणं हे तिचं काम. एकाच झाडाला दोघांनी दोन नावं दिली असतील, तर आधीचं टिकतं, नंतरचं बाद होतं. तिथे वशिला चालत नाही. पण रीत मोठी सभ्य आहे हो! बाद नावाची चिठ्ठी कुणी फाडत नाही, खोडत नाही. तिच्या शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची आणि दुरुस्ती करणाऱ्याने तिच्यावर सही करायची, बस.

एका पावसाळ्यात बाबा न्हाणीघरात घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले. बरेच महिने ते अंथरुणात होते आणि कात्री खुंटीला. अशीच एकदा सकाळी चिमणी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, ती बघतच राहिली.

वेल कठडा ओलांडून पाण्याच्या टाकीवर चढली होती, आणि वर जाऊन तिने रूपच पालटलं होतं. हातभर लांब, कातरलेली पानं मोकळी झुलत होती. त्यांच्या बगलेत पिवळसर कणसासारखं फूल आलं होतं. हे पान आणि हे फूल चिमणी रोज बघायची, कपाटात. कुणा दाढीवाल्या संशोधकाने शंभरेक वर्षांपूर्वी नाव दिलेली ती वेल. म्हणजे दोन वेली नव्हत्याच! खाली तिचं बालपण होतं आणि वर तीच मोठी झाली होती. बाबांनी बालपणाला नाव दिलं आणि दर वर्षी शेंडा छाटून तिला मोठंच होऊ दिलं नाही.

याच वेलींवरचं चिमणीचं पुस्तक छपाईला जायचं होतं. ती गप्प बसली असती, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तिला कळलं होतं, आणि बाप तिचाच होता.

बाबा काठी घेऊन चालायला लागेपर्यंत तिने कळ काढली. मग एका संध्याकाळी वेलीची लांब फांदी त्यांच्यासमोर ठेवली. खालच्या टोकाला गोल पानं, वरच्या टोकाला फूल. बाबांनी भिंग लावून फांदी इकडून तिकडे पाहिली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रात्री जेवताना चिमणीच्या हाताशी असलेलं मीठसुद्धा त्यांनी आईला उठवून मागून घेतलं.

चिमणीला वाईट वाटत होतं, आणि कोडंही पडलं होतं. "फूल पाहिल्याशिवाय नाव ठेवाल तर याद राखा," असं विद्यार्थ्यांवर ओरडणारा हा माणूस. तो स्वतः कसा चुकला?

दुसऱ्या दिवशी बाबा काठी टेकत थेट संग्रहात हजर. शिपायाने धावत जाऊन खुर्ची आणली.

"काढ माझा कागद," बाबा म्हणाले.

तिने मूळ नमुन्याचं लाल फोल्डर उघडलं, ज्यावरून वेलीला नाव दिलं होतं तो नमुना. बाबांची जुनी चिठ्ठी होती, तिच्या शेजारी चिमणीची नवी.

"सही राहिली की."

"माझा हातच होत नाही, बाबा. तुमचं एकुलतं एक नाव, ते मी बाद करायचं?"

बाबांनी स्वतःच्या जुन्या अक्षरावरून बोट फिरवलं. "फुलाची वाट का पाहिली नाही, ते नाही विचारलंस."

"धीर नाही झाला."

"तू सहा महिन्यांची होतीस. ताप हटत नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले होते. आई तुझ्यापाशी दवाखान्यात, आणि मी वेड्यासारखा इथे येऊन बसलो होतो. हाच कागद समोर होता. म्हटलं, फूल कधी येईल कुणास ठाऊक, तोवर पोर राहते की नाही... निदान तिचं नाव तरी राहू दे कुठेतरी. तिथेच लिहायला घेतलं."

चिमणीला रडू आवरेना. शिपाई उगाचच कपाट पुसायला लागला.

"तू वाचलीस, आणि मी आपला ते नाव मिरवत बसलो," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. "आता धडधाकट समोर उभी आहेस, बापाच्या चुका काढतेस. मग ते नाव हवंय कशाला? कर सही. आणि पुसट नको, पूर्ण नाव लिही."

चिमणीने डोळे पुसले आणि चिठ्ठीवर आपलं पूर्ण नाव लिहिलं. बाबांनी भिंग लावून ते दोनदा वाचलं आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसले.