सोनेरी केसांची बाई

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. सध्या इटलीतल्या लुक्का गावातल्या एका स्वयंपाकघरात लसूण सोलते. पण पिस्तोयाच्या लोहाराने मला घडवले ते लिहिणाऱ्याच्या हातासाठी. पक्ष्याच्या पिसाच्या लेखणीला टोक काढायचे आणि चामड्याच्या पानावरचा चुकलेला शब्द खरवडायचा, हे माझे काम होते.

माझा धनी नूतो दिवसभर लोकांची खरेदीखते लिही आणि उरलेल्या वेळात प्रेमाच्या कविता. कवींची रीत ठरलेली होती. कविता करायची ती परक्याच्या बायकोवर, तेही थोर घरच्या. तिचे नाव कुणालाही सांगायचे नाही. आणि तिचे केस सोनेरीच असायचे. नूतोचा जीव मात्र जडला होता स्वतःच्याच बायकोवर, दियालतावर. तिचे केस काळेभोर होते. त्याने तसेच लिहिले.

त्याचा कविमित्र उगुच्चो पोट धरधरून हसला. "बायकोवर कविता? उद्या खेचरावर करशील! आणि काळे केस तर धोबिणीचे असतात, बाबा. मंडळींना काय तोंड दाखवशील?"

नूतो ओशाळला. त्याने मला उचलले, 'काळे' हा शब्द खरवडला आणि त्या जागी 'सोनेरी' लिहिले. उगुच्चोने माझ्या धारेचे कौतुक केले. ते मला अजून झोंबते.

कविता गाजली. दियालता विचारी, "अहो, कोण हो ती?" नूतो नुसता हसे. "सांगायचं नसतं ते." पुढे कधीतरी सांगू, असे त्याच्या मनात होते. तो भित्रा होता, मी त्याची बाजू घेणार नाही. मग तापाने त्याला नेले.

दियालताने उगुच्चोला बोलावून ते पान वाचून घेतले. सोनेरी केस ऐकून तिचा चेहरा उतरला. तरी तिने विचारले, "भाऊजी, ही मी तर नाही ना?"

उगुच्चोला सगळे ठाऊक होते. तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, कवीचं गुपित फोडायचं नसतं." आणि निघून गेला.

तिने मला हातात घेतले. पान कोरे करून विकायचे होते. आधी तिने नूतोचे नाव खरवडले, मग एकेक ओळ. 'सोनेरी'वर तिने जास्तच जोर दिला. तो शब्द निघाला आणि खालून जुना 'काळे' अंधूक वर आला, कारण शाई चामड्यात मुरते. दियालताला वाचता येत नव्हते.

"डाग राहिलाय मेला," ती म्हणाली आणि तोही तिने खरवडून काढला.

मित्रांनो, नूतो नावाचा कोणी कवी होता, हे आज गावात कुणाला आठवत नाही. मला गंजू देऊ नका, अशी विनवणी मी करणार नाही. माझी धार गेलेलीच बरी. पण घरातल्या माणसावर माया असेल, तर लिहीत बसू नका. त्याच्यापाशी जा आणि तोंडाने सांगा. दियालताचे केस आता पांढरे झाले आहेत. ते काळे होते तेव्हा कुणाला आवडत होते, हे तिला अजून कोणी सांगितलेले नाही.