घरचं कातडं

उकंडानं डफडं सोडलं तेव्हा निम्म्या गावाला वाटलं, आठ दिवसांत परत गळ्यात अडकवेल. पण छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं ठरवलंच होतं, हुकूम आला की दारोदार जाऊन वाजवायचं, हे आता बंद. उकंडानं आपल्या हातानं कातडं फाडलं. उरलेल्या कड्याला त्याच्या बायकोनं, कौसल्यानं पोतं शिवलं आणि त्यावर मिरच्या वाळत घातल्या. पाटलाचे दोन निरोप आले, गडी हलला नाही. उकंडा शब्दाचा पक्का, हात मात्र बेइमान! जेवताना ताटावर, बैल धुताना बैलाच्या पाठीवर त्यांचं आपलं चालूच.

दोन वर्षांनी प्रभावतीचं, त्याच्या एकुलत्या लेकीचं लग्न निघालं. नव्या रीतीचं, साधं. वंदना झाली, दोन हार पडले, जेवणं उठली. जावई दारव्ह्याचा, गुणी पोरगा. तरी उकंडाला एक सल होती. गावातल्या झाडून साऱ्या पोरी त्यानं वाजवत सासरी लावून दिल्या, आणि पोटची तेवढी मुकाट्यानं जाणार होती.

बंडीत चढता चढता प्रभावती थांबली. "बा, साऱ्याइच्या पोरीले वाजवलं. मीच तेवढी काहून सुनी?"

उकंडाचा हात सुटला. थाड्‌दिशी छातीवर पडला, मग मांडीवर, मग पोटावर. गाल फुगवून त्यांवर टिचक्या मारल्या. असा ताल उठला की बंडीच्या बैलांनी कान टवकारले. पोरं नाचू लागली. कौसल्या रडता रडता हसायला लागली.

जावयाचे काका देवराव गुरुजी, नेमाचे कडक. ते पुढं आले. "अवो व्याही, वाजवणं सोडलं ना आपुन?"

उकंडा थांबला नाही. "गुरुजी, ते हुकमाचं कातडं होतं, ते फाडलं. हे घरचं हाये!"

गुरुजींनी टोपी सारखी केली, जरा विचार केला आणि टाळी धरली. बेताल धरली, पण धरली. बंडी नाल्यापार होईस्तोवर उकंडा वाजवत मागं चालला.

दुसऱ्या दिवशी छाती लालबुंद. कौसल्या हळदतेल चोळत म्हणाली, "इतकं कोनी बडवते का? फाटलं असतं ना!"

"नाई फाटत," उकंडा म्हणाला. "डफड्याले जाळावर तापवा लागे. हे पोरीच्या नावानंच तापते."