झाकण लावलं की चार अँपिअर

मोटर बंद होती. रिले, म्हणजे मोटरला वीज जोडणारा आतला स्विच, उघडा, विहिरीतलं पाणी निवांत. आणि माझ्या पेटीच्या पडद्यावर आकडा होता चार अँपिअर. ज्या तारेतून काही जातच नाही तिच्यातून चार अँपिअर कुठून जातात, हे आठ वर्षं सर्किट बोर्डांचे आराखडे काढूनही मला कळत नव्हतं.

पेटी मीच बनवलेली. मोटर कोरडी चालली की करंट घटतो. बोर्डावरचा सेन्सर ते ओळखतो आणि रिले मोटर बंद करतो. मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंची मोटर अशीच जळाली, तेव्हापासून हे खूळ डोक्यात. त्यापायी रसायनीतली नोकरी सोडली. खालापूरचे पंपवाले राजेशशेठ म्हणाले होते, "तुमच्या विहिरीवर चालवून दाखवा, पन्नास पेट्या घेतो." ते आज चार वाजता येणार होते. आणि पेटी मोटर सुरूच होऊ देईना. बंद मोटरमध्ये करंट दिसला म्हणजे रिले चिकटला, असं तिला वाटत होतं. तसं वाटायला मीच शिकवलेलं, बोलणार कोणाला?

झाकण उघडलं. आकडा शून्य. मोटर सुरू झाली, पाणी भेंडीत पोचलं. मोटर बंद करून झाकण लावलं. चार अँपिअर, वर बझरची बोंबाबोंब. उघडलं, शून्य. लावलं, चार. झाकण तर नुसतं प्लास्टिकचं! वायर दबत असेल म्हणून वायरी मोकळ्या केल्या. कनेक्टरचे स्क्रू आवळले. रिले बदलला. आत गरम होत असेल म्हणून ओढणीनं वारासुद्धा घातला, आता लपवून काय करू.

इतक्या गोंधळात एक मात्र पाळत होते. झाकण खाली ठेवताना त्यावरचा बाप्पा वर तोंड करून ठेवायचा. परवा पेटी बसवली तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे येसूबाईंनी, हळदकुंकू वाहून तो फेव्हिक्विकनं चिकटवला होता. माझ्या हुशारीवर भरवसा नाही म्हणून देव बसवला, असं मला वाटलं. दोन दिवस फुगून होते.

त्या चहा घेऊन आल्या. "झालं का गं?"

"नाही आई. उघडं ठेवलं तरच चालतं."

"मंग ऱ्हाऊ दे उघडं. वर छत्री बांधू."

"थट्टा नको हो."

"थट्टा नाय. इचारते."

वैतागून मी झाकण हातात उलटं धरलं आणि चार स्क्रू त्यात टाकले. ते घरंगळले नाहीत. टकटक करत चारही एकाच जागी जाऊन उभे राहिले. झाकण पालथं केलं तरी पडेनात. त्या जागेच्या बरोबर पलीकडे बाप्पा होता.

"आई, हा कुठून आणलात?"

"नीलेशच्या टेंपोतला. महडला घेतलेला. पत्र्याला आपसूक चिकटतो, म्हनून."

माझ्या नवऱ्याच्या टेंपोतला बाप्पा, तळाशी लोहचुंबक! माझा सेन्सर करंट मोजतो तो तारेभोवतीच्या चुंबकत्वावरून. झाकण लावलं की बाप्पा थेट सेन्सरच्या डोक्यावर. मला हसू येत होतं आणि रडूही.

"पण टेंपोतून का काढलात?"

"नीलेशला म्हनलं, तुला निदान रस्ता दिसतो. हिचा हात रोज करंटमदी, तो दिसत बी नाय." त्या पेटीकडे बघत होत्या. "मला भ्या वाटतं गं."

मला स्वतःची लाज वाटली. दोन दिवस मी काय काय मनात आणलं होतं!

चारला राजेशशेठ आले. उघड्या पेटीवर मोटर चालली, थांबली, पुन्हा चालली. मी बाप्पाची गोष्ट सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले. "देव काढा, पन्नास पेट्या द्या."

"नाही शेठ. पन्नास घरांत पन्नास देव चिकटणार. मला पंधरा दिवस द्या."

"तोवर मी दुसऱ्याची पेटी घेतली तर?"

"घ्या," मी म्हणाले.

पंधरा दिवस आराखड्याशीच झगडले. सेन्सर तळाच्या कोपऱ्यात नेला, बाहेरचं चुंबकत्व अडवायला त्यावर लोखंडी पत्र्याची टोपी घातली आणि झाकणाच्या वरच्या टोकाला एक गोल मोकळा सोडला. राजेशशेठ आले, पण घड्याळ बघत. मोटर बंद होती, नवं झाकण लावलेलं. मी जुन्या झाकणावरचा बाप्पा पात्यानं अलगद सोडवून सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो गोलात बसवला, दाबून धरला.

"किती दाखवतंय?" त्यांनी मला विचारलं.

"शून्य."

राजेशशेठनी वाकून आकडा वाचला आणि खिशातून ऑर्डरचं पुस्तक काढलं. सासूबाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. बाप्पावरचा हात काढून त्या मला म्हणाल्या, "आता घाल हात."