अळ्यांची खोली

"ही वळवळ माझ्या दारात नको म्हणजे नको!"

शेजारच्या सासूबाईंचा आवाज पार आमच्या गोठ्यापर्यंत आला. सकाळी सकाळीच सासूसुनेची जुंपली होती. तळ्यातल्या माशांसाठी सुनेनं मागच्या पत्र्याच्या खोलीत अळ्या पाळल्या होत्या. विकतच्या खाद्यात समुद्रातली सुकी मासळी दळलेली असायची, ती मिळेनाशी झाली आणि तळं उपाशी पडलं. मग सुनेनं हे शिकून घेतलं. भाजीचा कचरा खाऊन अळ्या पंधरा दिवसांत बोटाच्या पेराएवढ्या व्हायच्या, आणि मासे त्यांच्यावर तुटून पडायचे.

"अहो आई, कोबीच्या पानांवर वाढल्यात त्या. घाण कसली?"

"मला नको शिकवूस. त्यांची कुजबुज कानात शिरते माझ्या."

ते मात्र खरं होतं. खोलीजवळ गेलं की सळसळ ऐकू यायची. वाळल्या पानांवरून कुणी अनवाणी फिरावं तशी.

त्या दुपारी सून कचरा आणायला बाजारात गेली आणि इकडे वीज गेली. पंखे थांबले, पत्रा तापला. सळसळ वाढत चालली तशा सासूबाई उठल्या. दार ढकलतात तर काय, उष्म्यानं कासावीस झालेल्या अळ्या ट्रेच्या कडा चढून भिंतीला लागलेल्या. सासूबाई तशाच मागे फिरल्या, उंबऱ्यावर बसल्या. बराच वेळ बसल्या.

सून परतली तेव्हा टोपल्या उतरवायला मीही गेले होते. खोलीभर भुसा पसरलेला, त्यावर अळ्या विरळ करून टाकलेल्या, आणि मधोमध सासूबाई, ओंजळी भरभरून अळ्या उपसताना. चेहरा पांढराफटक.

"आई! तुम्ही?"

"तापल्या होत्या गं. हाताला चटका बसत होता." मग खाली बघतच म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांच्या पायाच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. मी रोज चिमट्यानं काढायचे. त्यांना सांगायचे, पू पुसतेय. एक दिवस मी नाहीच धजले. बाहेर बसून राहिले. ते आतून हाका मारत होते, 'अगं, काहीतरी चालतंय पायावर, बघ ना जरा.' मी कानात बोटं घातली. काढली तेव्हा घर गप्प होतं."

सुनेनं टोपली खाली ठेवली. ती त्यांच्या शेजारी बसली.

"ह्यांना ठाऊक आहे?"

"पोटच्या पोराला कुठल्या तोंडानं सांगू?"

सुनेनं बाह्या वर केल्या आणि तीही अळ्या पसरायला लागली.

निम्म्याअधिक वाचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोकावले तर सून तळ्यावर होती, अळ्या पडतील तिथं पाणी उकळल्यासारखं मासे उसळत होते. सासूबाई खोलीत होत्या. डोळे मिटलेले, हात मनगटापर्यंत ट्रेमध्ये, कान खाली झुकवलेला.

"काकू, चहा घेताय ना?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवून मला गप्प केलं.

"थांब जरा. ह्यांचं बोलणं व्हायचंय अजून."

ह्यांचं म्हणजे कुणाचं, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.