बर्फाच्या कारखान्याचा गरम नळ

मी एक जुना कॉम्प्रेसर आहे. जुना म्हटलं, निकामी नाही म्हटलं! उत्तनच्या बंदरावर मच्छीमारांच्या सोसायटीचा बर्फाचा कारखाना आहे, तिथे माझं अख्खं आयुष्य गेलं. मित्रांनो, माझा बर्फ पोटात घेतल्याशिवाय इथली एकही बोट मासेमारीला गेली नाही. पार मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कपर्यंत ताजी सुरमई पोचते ना, त्यात माझाही वाटा आहे. बढाई मारतोय असं वाटेल. वाटू दे!

ओतीव लोखंडाचं अंग, मोठं चाक आणि कानठळ्या बसवणारा आवाज, असा मी. माझं काम सोपं करून सांगतो. मिठाच्या पाण्याच्या हौदात गोड्या पाण्याचे डबे बुडवलेले असतात. त्यांतली उष्णता अमोनिया वायूच्या मदतीने ओढून घेतली, की डब्यात बर्फाची लादी तयार. पण ओढलेली उष्णता कुठेतरी टाकायला हवी ना? ती मी दुसऱ्या पाण्याला देऊन टाकायचो, आणि ते गरम झालेलं पाणी मागच्या भिंतीतल्या नळातून वाहून जायचं.

त्या नळावर बायकांची ही गर्दी! बर्फातली मासळी निवडून निवडून त्यांची बोटं बधिर व्हायची. मग त्या माझ्या पाण्याखाली हात धरायच्या, गप्पा मारायच्या, कधी कडाकडा भांडायच्याही. मासळी विकणारी आयडाबाय तर टोपली डोक्यावर घेण्याआधी न चुकता यायची. "म्हाताऱ्यानं बोटांत जीव आणला गो," म्हणायची. माझी छाती कशी फुगायची म्हणून सांगू!

पुढे माझे सांधे झिजले आणि वायू गळू लागला. मला चालवणाऱ्या कॅजिटनकाकांचे डोळे चुरचुरायचे, खोकल्याने ते बेजार व्हायचे. तरी मला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत, रोज माझं अंग पुसत राहिले. मला फार वाईट वाटायचं. ज्याने मला जपलं, त्याच्याच छातीत मी विष सोडत होतो. म्हणून सोसायटीने नवा कॉम्प्रेसर आणायचं ठरवलं, तेव्हा खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

नवा बसवायला मीरा रोडहून रश्मी नावाची इंजिनिअर आली. "हा जुना काय काय काम करतो?" तिने विचारलं.

"बर्फ करतो," सगळे एका सुरात म्हणाले. कॅजिटनकाकाही तेच म्हणाले. नळाचं नाव कुणीच काढलं नाही. फुकट मिळतं, ते कुणाच्या लक्षात राहतं!

नवा माझ्या शेजारी बसू लागला. त्याची उष्णता छतावरचे पंखे हवेत सोडणार होते, म्हणजे गरम नळ बंद होणार होता. हे कळलं त्या सकाळी आयडाबाय टोपली घेऊन कारखान्याच्या दारातच बसली. तिच्यामागे बाकीच्या बायका.

"म्हातारा हलणार न्हाय!" ती गरजली.

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण आत कॅजिटनकाका खोकत होते. म्हटलं, बाई गं, माझी बाजू नको घेऊस!

काका बाहेर आले. "आयडाबाय, ऊठ. त्याच्यातून वायू गळतोय."

"मग आमच्या हातांचं काय?"

"हातांना काय झालं?" रश्मीने विचारलं.

आयडाबायने तिचे दोन्ही हात धरले आणि हसत हसत टोपलीतल्या बर्फात, बांगडा मासळीच्या मध्ये खुपसले.

"आई गं! मावशी, बास, बास!"

"थांब जरा, बाय माझी. आम्ही सकाळभर थांबतो."

मग तिने रश्मीला मागे नेऊन तिचे हात नळाखाली धरले. रश्मी डोळे मिटून उभीच राहिली. "काका, हे मला आधी का नाही सांगितलं?"

"त्यात काय सांगायचं? वाया जाणारं पाणी हाय ते."

"वाया कसलं! नव्याची गरम नळी आधी पाण्याच्या टाकीतून फिरवते, मग वर पंख्यांकडे नेते. होतंय की!"

तसंच झालं. आणि हो, ते होईपर्यंत मी एक दिवसही बर्फ चुकवला नाही!

आज नवा सुरू झाला. मी अंगणात पडलोय, मला न्यायला भंगाराचा ट्रक आलाय. सकाळी नळ सोडला, तर आधी गारच पाणी आलं. तेवढ्यात आयडाबाय ओरडली, "गरम हाय गो, गरम हाय!" कॅजिटनकाका मोकळं हसले, आणि त्यांना खोकला आला नाही.

मग आयडाबाय माझ्याकडे आली. ओले हात तिने माझ्या गार पडलेल्या अंगावर ठेवले. "बघ रं म्हाताऱ्या, तुझ्यासारखंच हाय." जन्मभर मी ऊब वाटत आलो, पण ती कशी लागते हे मला आज कळलं.

मित्रांनो, जुनं झालेलं बदला, जरूर बदला. फक्त उचलण्याआधी एकदा त्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. तिथे कुणीतरी उबेसाठी हात पुढे धरून उभं असेल.